संगणक परवानगी का मागतो?

विंडोज असलेल्या घरगुती संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवायला घेतले की पडदा एकदम अंधारतो, मधोमध एक चौकट उमटते आणि या ॲपला संगणकात बदल करू द्यायचे का, असे विचारले जाते. बहुतेकांचे बोट प्रश्न वाचून होण्याआधीच ‘येस’वर पडलेले असते. हा अंधार केवळ लक्ष वेधण्यासाठी नाही. त्या क्षणी विंडोज नेहमीचा डेस्कटॉप बाजूला ठेवून एका वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर जाते. मागे जे अंधूक दिसते ते आधीच्या पडद्याचे निव्वळ चित्र असते. एरवी चाललेल्या सामान्य प्रोग्रामांना या डेस्कटॉपवर पोहोचता येत नाही, त्यामुळे माउसची खोटी क्लिक पाठवून आपलीच परवानगी आपणच मंजूर करून घेणे त्यांना जमत नाही.

ही व्यवस्था घरगुती विंडोजमध्ये उशिराच आली. प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच मांडले होते. तरीही २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये घरातला खातेदार सहसा ॲडमिनिस्ट्रेटरच, म्हणजे संगणकावर सर्वाधिकार असलेला, असे आणि त्याने उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, मग तो पत्त्यांचा खेळ का असेना, त्याचे सगळे अधिकार आपोआप मिळत. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने हे बदलले. आता ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगिन केले की त्याच्या नावे दोन टोकन, म्हणजे प्रोग्रामला कोणते अधिकार आहेत हे सांगणारे जणू परवाने, तयार होतात, एक पूर्ण अधिकारांचे आणि एक छाटलेले. रोजची सगळी कामे छाटलेल्या टोकनावर चालतात; विंडोजच्या फोल्डरमध्ये किंवा सर्वांसाठीच्या सेटिंगमध्ये हात घालायचा असेल, तेव्हाच पूर्ण टोकन मागावे लागते आणि तेव्हाच ती चौकट येते.

व्हिस्टामध्ये ती इतक्या वेळा येई की लोक वैतागले. त्रास व्हावा हा हेतूच होता, असे मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने २००८ साली एका सुरक्षा परिषदेत उघडपणे सांगितले होते. गिऱ्हाइके कुरकुरली म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्या विनाकारण सर्वाधिकार मागणे सोडतील, असा हिशेब होता. तो काही अंशी खराही ठरला, परंतु त्याची किंमत वापरणाऱ्यांच्या सवयीने मोजली. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी सुरक्षेच्या सूचना पाहणाऱ्यांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा तीच सूचना दुसऱ्यांदा दिसताच मेंदूचा दृश्य प्रतिसाद ठळकपणे घटलेला आढळला. वाचण्याचा आळस हे त्याचे सगळे स्पष्टीकरण नव्हे. ओळखीची गोष्ट पुन्हा नीट न पाहणे हा मेंदूचा स्वभावच आहे. २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये स्वतः विंडोजच्या बऱ्याचशा सेटिंगसाठीचे प्रश्न कमी केले गेले, ते याच वैतागापायी.

चौकटीत वाचण्यासारखे फार नसते, पण जे असते ते कामाचे असते. वर प्रोग्रामचे नाव, त्याखाली प्रकाशक आणि त्याखाली फाइल कुठून आली ते लिहिलेले असते. निळी पट्टी असेल तर फाइलवरची डिजिटल सही तपासून खरी ठरलेली असते. पिवळी असेल तर प्रकाशक अज्ञात असतो. मात्र फाइल कोणाची आहे आणि सहीनंतर तिच्यात फेरफार झालेला नाही, एवढेच सही सांगते. प्रोग्राम सज्जन आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना भलत्याच संकेतस्थळावरचे ठळक ‘डाउनलोड’ बटण दाबले गेले, तर उघडलेल्या चौकटीत प्रिंटर कंपनीऐवजी कधी न ऐकलेले नाव दिसते. पट्टी निळी असली तरी तिथे ‘नो’च म्हणायला हवे.

खरे तर संगणकाला एक गोष्ट कळत नाही आणि तीच तो आपल्याला विचारत असतो: हे काम आत्ता तुम्हीच सुरू केले का? आपण नुकतीच सेटअपची फाइल उघडली असेल, तर प्रश्न अपेक्षितच आहे. बातम्या वाचत असताना किंवा संगणक नुसता चालू असताना चौकट आली, तर ‘नो’ म्हणावे. त्याने सहसा काही बिघडत नाही आणि खरोखर गरजेचा प्रोग्राम पुन्हा विचारतोच. फोनवरचा अनोळखी ‘तंत्रज्ञ’ जेव्हा येस दाबायला सांगतो, तेव्हा माणसाच्या हाती राखलेला तो एकमेव निर्णयच तो मागत असतो.

या चौकटीच्या आवाक्याबाहेरही बरेच काही राहते. आपले फोटो आणि कागदपत्रे आपल्याच अधिकारात असल्यामुळे खंडणीखोर सॉफ्टवेअर ती छाटलेल्या टोकनावरही कुलूपबंद करू शकते, एकही प्रश्न न विचारता. विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती पुसायला मात्र त्याला सहसा पूर्ण अधिकार लागतात, आणि संगणकाला न जोडलेल्या डिस्कवरची प्रत त्याच्या हाती लागतच नाही. शिवाय विंडोज बसवताना तयार होणारे पहिले खाते ॲडमिनिस्ट्रेटरचेच असते. रोजच्या वापरासाठी वेगळे साधे खाते उघडले, तर चौकटीत नुसत्या ‘येस’ऐवजी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड किंवा पिन मागितला जातो, आणि तो टाइप करेपर्यंत प्रकाशकाचे नाव डोळ्यांसमोर राहते.