राउटरवरील पोर्ट आणि रिसेट बटण

घरगुती ब्रॉडबँड राउटरच्या मागे तारा खोचण्यासाठी ज्या खाचा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. त्याच रांगेत किंवा डब्याच्या बुडाशी टाचणी जेमतेम शिरेल असे एक छिद्र असते. त्याच्या आत रिसेट बटण असते. मराठवाड्यात लातूर-नांदेडमधील विद्यार्थ्यांच्या खोल्यांपासून खेड्यातील सेवा केंद्रांपर्यंत हा डबा पोचला आहे. त्याच्या पाठीमागे काय काय आहे, याची ओळख मात्र बहुतेक घरांत कोणी करून दिलेली नसते.

बाहेरून आलेली लाइन ‘वॅन’ पोर्टमध्ये जाते. तो एकटा असतो, बहुधा निळा. घरातील संगणक, टीव्ही यांच्यासाठी ‘लॅन’ पोर्ट असतात. ते बऱ्याचदा चार आणि पिवळे. दोन्हींचा आकार एकच असल्याने झाडलोट करताना निघालेली केबल चुकीच्या खाचेतही ‘टक्’ करून बसते आणि नेट बंद पडते. केबलच्या टोकाला आठ सोनेरी पट्ट्या दिसतात. १०० एमबीपीएसपर्यंत (एमबीपीएस म्हणजे नेटचा वेग मोजण्याचे माप) त्यांतल्या चारच कामाला येतात, त्यापुढे १००० एमबीपीएसला आठही लागतात. म्हणून २०० चा प्लॅन असूनही संगणकावर वेग ९५ च्या आसपास अडत असेल, तर आधी केबल बदलून पाहावी. एखादी तार आतून तुटलेली असू शकते. राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतील, तर केबल बदलूनही फरक पडत नाही.

फायबर थेट डब्यात येत असेल, तर तिचे टोक बहुधा हिरवे असते. आत काचेचा तंतू असल्याने ती कधीही घट्ट मुडपू नये. तिच्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण म्हणून उघड्या टोकात डोकावू नये. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. अशा वेळी केबल ढिली झालेली नसेल, तर लाइनमनला बोलवावे. डब्यावरचे कोणतेही बटण उपयोगाचे नाही.

लहान, अरुंद पोर्ट दूरध्वनीचा. गोल खाच विजेची. तिथे मूळ अ‍ॅडॉप्टरच लावावा, कारण सारख्या पिनेचे ९ आणि १२ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर एकाच घरात सापडतात. वळीव गरजू लागला की अ‍ॅडॉप्टर आणि बाहेरून आलेली तांब्याची केबल दोन्ही काढून ठेवावीत.

रिसेट आणि रीस्टार्ट यांत लोक सर्वाधिक गफलत करतात. लाइट जाऊन आल्यावर राउटर रीस्टार्ट होतो. त्यात काहीही पुसले जात नाही. नेट अडकले तर विजेच्या बटणाने बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे, एवढेच पुरते. रिसेट मात्र सगळे पुसते. चालू राउटरच्या छिद्रात टाचणी घालून साधारण १० सेकंद दाबली, की सगळे दिवे एकदम लुकलुकतात आणि वायफायचे नाव, पासवर्ड, सेवादात्याने भरलेले युजरनेम असे सारे जाऊन राउटर कारखान्यातून आला तसा होतो. नवे वायफाय नाव व पासवर्ड बुडाच्या स्टिकरवर मिळतो, पण कनेक्शनचे युजरनेम तिथे नसते. ते परत भरेपर्यंत वायफाय दिसते आणि नेट चालत नाही. रविवारी संध्याकाळी हे झाले, तर सोमवारचा ऑनलाइन तास बुडू शकतो. त्यामुळे टाचणी हाती घेण्याआधी ते युजरनेम आणि त्याचा पासवर्ड नेटवाल्याकडून मागून वहीत लिहून घ्यावा. वायफायचा पासवर्ड विसरला असेल आणि सेटिंगमध्येही शिरता येत नसेल, किंवा जुना राउटर दुसऱ्याला द्यायचा असेल, तर रिसेट करणेच योग्य.