ग्रानादोस यांची बोट बुडालीच नव्हती

कॅटलन संगीतकार एन्रिके ग्रानादोस १९१६ मध्ये बोट बुडून गेले, असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. ते समुद्रात गेले हे खरं, पण बोट बुडाली नाही. २४ मार्चला इंग्लिश खाडीत जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘ससेक्स’ या त्यांच्या बोटीचा पुढचा भाग तुटला, उरलेली बोट तरंगत राहिली आणि ओढून बुलोन बंदरात आणली गेली. पाण्यात बुडणाऱ्या पत्नीसाठी, आम्पारोसाठी, त्यांनी उडी घेतली असं सांगतात. दोघंही गेले, मागे सहा मुलं. खरं तर हा त्यांचा ठरलेला मार्गच नव्हता! न्यूयॉर्कमध्ये ‘गोयेस्कास’ ऑपेरा झाल्यावर व्हाइट हाऊसमध्ये वादनाचं आमंत्रण आलं, म्हणून त्यांनी थेट स्पेनला जाणारी बोट सोडली होती.