वस्तऱ्याची निगा

वस्तरा : दाढी व डोके भादरण्याचे, मुठीत मिटणारे एकधारी पाते. गोव्यात ते चालवणारा मराठीत न्हावी, कोकणीत म्हालो. ‘वस्तरा’ हा शब्द बहुधा फार्सी ‘उस्तरा’वरून आला. संस्कृत ‘क्षुर’ त्याहून पुष्कळ जुना. ऋग्वेदात तो तीनदा येतो, पण दर वेळी अर्थ वस्तराच असेल असे नाही. दहाव्या मंडलात सशाने क्षुर गिळल्याचा उल्लेख आहे. तेथे ‘पाते’ एवढा अर्थ पुरतो. आठव्या मंडलात ‘भुरिजोः’ क्षुरासारखे आम्हांला तीक्ष्ण कर, अशी प्रार्थना आहे. ‘भुरिजोः’ हे ‘भुरिज्’चे द्विवचनी रूप, म्हणजे काहींच्या मते कात्रीची दोन पाती, काहींच्या मते धार लावण्याचे साधन. संदर्भ तीक्ष्ण करण्याचाच असल्याने दुसरे मत अधिक जुळते.

निसणे आणि परजणे ही दोन वेगळी कामे. नवशिके ती एकच समजतात. निसण्यात दगड पोलाद झिजवतो. त्या वेळी पाठ व धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवतात, धार पुढे करून सरकवतात. पाठीच्या जाडीनेच कोन ठरत असल्याने तो हाताने धरावा लागत नाही. साधारण १००० क्रमांकाच्या (क्रमांक जितका मोठा, तितका दगड बारीक) दगडावर धारेचा उतार बसवून ४०००, ८००० असे चढत जातात. दिव्याखाली धार सरळ समोर धरली असता कोठे चकाकी दिसली, तर तेवढी जागा बोथट आहे. परजणे रोजचे : ताणलेल्या चामडी पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे, टोकाशी पाते पाठीवर उलटवायचे. ते धारेवर उलटले की पट्टा चिरतो. पट्टा ढिला धरल्यास धार गोलसर होते. दगड मात्र काही महिन्यांनीच लागतो.

जुनी पाती (इंग्लंडातल्या शेफील्डची, जर्मनीतल्या झोलिंगेनची) बहुतेक कार्बन पोलादाची, म्हणून गंजणारी. गोव्याची खारी, दमट हवा, विशेषतः जून ते सप्टेंबर, त्यांना सोसत नाही. गंज प्रथम पाते मुठीला जोडणाऱ्या खिळीजवळ, मुठीच्या आत तांबूस ठिपक्यांनी दिसतो. पाते पुसले तरी तेथे पाणी राहते. वापरल्यावर पुसून, उघडे वाळवून शिलाईयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. घरी खोबरेल हाताशी असते, पण ते कालांतराने खवट होते. चामडी म्यानात पाते ठेवू नये. चामडे ओल धरते. निसायला अंगणातला जांभा दगड घेऊ नये : तो सच्छिद्र व भरड, विळ्याकोयत्यालाही बेताचाच. वस्तऱ्याची धार तो तुकडे पाडून नेईल.

सलूनमध्ये आता दुधारी पात्याचा अर्धा तुकडा बसवून दर वेळी बदलायचा वस्तरा चालतो, त्याला निसणे नाही.