जपानमध्ये घर बदलताय? पत्ता नोंदवताना आधी जुन्या गावाचा निरोप घ्या

सकाळी सहाला फोन वाजला तेव्हाच कळलं, जपानहून असणार. तिथे साडेनऊ झालेले असतात, सरकारी कचेऱ्या उघडून तासभर होऊन गेलेला असतो. कोथरूडला आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या काकूंचा मुलगा होता. "ताई, मी खिडकीपाशी उभा आहे. या बाई फार नम्रपणे कशाला तरी नाही म्हणतायत." म्हटलं, "त्यांच्याकडे फोन दे." दोन वाक्यांत उलगडा झाला. पठ्ठ्या जुन्या शहरातून नाव न काढताच नव्या शहरात नाव लावायला गेला होता.

त्याला तरी काय बोलणार? पुण्यात घर बदलताना आपण टेम्पो ठरवतो, भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायचं मालकावर सोडतो, गॅसचं बघतो आणि आधारवरचा पत्ता बँकेनं अडवलं की मग बदलतो. दहा वर्षांपूर्वीच्या पत्त्याचं आधार घेऊन फिरणारी माणसं माझ्या घरातच आहेत. जपानमध्ये हे चालत नाही. तिथे तुम्ही कुठे राहता हे पालिकेच्या कचेरीला चौदा दिवसांत सांगायचं असतं. ते सांगणं खरं तर सोपं आहे, फुकट आहे, एजंट लागत नाही. घोळ होतो तो क्रम चुकल्यामुळे. मी स्वतः तिथे आठ वर्षांत चार घरं बदलली आणि पहिल्या वेळी मीही हाच घोळ घातला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे कोणाला लागू आहे

तीन महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर गेलेल्या प्रत्येकाला: नोकरीवाले, विद्यार्थी, त्यांच्यावर अवलंबून असलेले नवरा-बायको-मुलं, सगळ्यांना. नव्वद दिवसांच्या टूरिस्ट व्हिसावर नातवंडं बघायला आलेल्या आईबाबांना यातलं काहीही करावं लागत नाही. राजनैतिक आणि सरकारी व्हिसावाल्यांनाही नाही.

नारिता, हानेदा, कान्साई, चुबू अशा मोठ्या विमानतळांवर उतरलात की पासपोर्टवर शिक्का बसतानाच हातात झाइर्यू कार्ड मिळतं. झाइर्यू म्हणजे वास्तव्य. सोळा वर्षांवरच्या माणसानं हे कार्ड कायम जवळ बाळगायचं असतं. कार्ड पालथं करून बघा. मागे एक छोटा तक्ता आहे: कळवल्याची तारीख, पत्ता आणि नोंद करणाऱ्याचा शिक्का. विमानतळावर तो तक्ता कोरा असतो. तुमच्या त्या देशातल्या घरांचा इतिहास तिथे एकाखाली एक लिहिला जातो. छोट्या विमानतळावर उतरलात तर पासपोर्टवर 'कार्ड नंतर देऊ' अशी नोंद मिळते. मग पत्ता नोंदवायला तो पासपोर्ट न्यायचा, कार्ड नंतर पोस्टानं घरी येतं.

जुन्या लोकांकडून 'एलियन कार्ड' असा शब्द ऐकाल, म्हणजे परदेशी माणसांचं पूर्वीचं वेगळं नोंदणी कार्ड. तो प्रकार ९ जुलै २०१२ ला संपला. तेव्हापासून परदेशी माणसाचं नाव जपानी नागरिकांच्याच रहिवासी नोंदवहीत येतं, आणि पालिकेत पत्ता नोंदवला की इमिग्रेशनला वेगळं कळवावं लागत नाही. एक हेलपाटा वाचला.

तीन अर्ज, आणि तुमचा कोणता

गावाबाहेर जाताय, गावात येताय की गावातल्या गावात हलताय, एवढंच ठरवायचं.

दुसऱ्या पालिकेच्या हद्दीत जाणार असाल तर आधी जुन्या कचेरीत तेन्शुत्सु-तोदोके, म्हणजे 'मी इथून निघालो' असा अर्ज. हा निघण्याच्या साधारण चौदा दिवस आधीपासून देता येतो. त्यावर एक दाखला मिळतो. तो दाखला घेऊन नव्या कचेरीत तेन्न्यू-तोदोके, 'मी इथे आलो'. त्याच पालिकेत घर बदललं तर एकच अर्ज, तेन्क्यो-तोदोके. आपल्याकडे शाळा बदलताना दाखला काढून मगच नवीन शाळेत नाव घालतात, अगदी तसंच. दाखल्याशिवाय नवी शाळा दारात उभं करत नाही.

आता 'तीच पालिका' म्हणजे कोणती, इथे पुणेकर हमखास फसतो. तोक्योचे तेवीस वॉर्ड आपल्या क्षेत्रीय कार्यालयांसारखे नाहीत. प्रत्येक वॉर्ड स्वतःची वेगळी पालिका आहे. आपली बरीच मंडळी राहतात ते निशी-कासाई एदोगावा वॉर्डात येतं. तिथून मेट्रोनं एकच स्टेशन पुढे, नदीपलीकडे मिनामी-सुनामाचीला घर घेतलंत तर तो कोतो वॉर्ड. म्हणजे निघण्याचा अर्ज इकडे, येण्याचा तिकडे. याउलट योकोहामा, ओसाका, नागोया अशा मोठ्या शहरांतही वॉर्ड आहेत, पण शहर एकच. योकोहामात मिदोरी वॉर्डातून त्सुझुकी वॉर्डात गेलात तर निघण्याचा दाखला लागत नाही, थेट नव्या वॉर्डच्या कचेरीत जायचं. सिंहगड रस्त्यावरची पुलंच्या नावाची बाग ज्या ओकायामाच्या मैत्रीतून झाली, ते ओकायामाही याच दुसऱ्या गटातलं.

चौदा दिवस कुठून मोजायचे

भाडेकरार सुरू झाल्याच्या तारखेपासून नाही. तुम्ही प्रत्यक्ष राहायला गेलात त्या दिवसापासून. आणि राहायला जाण्याआधी येण्याचा अर्ज घेतच नाहीत. माझी एक मैत्रीण शुक्रवारी किल्ली मिळाली म्हणून त्याच दुपारी कचेरीत गेली. सामान सोमवारी येणार होतं. खिडकीवरच्या माणसानं शांतपणे विचारलं, "काल रात्री कुठे झोपलात?" ती खरं बोलली आणि मंगळवारी परत गेली.

भारतातून पहिल्यांदाच गेलेल्यांनाही हेच: आठवडाभर हॉटेलात काढला असेल तर मुदत पक्क्या घरात गेल्यापासून मोजायची.

मुदत टळली तर कायद्यात २ लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोन-चार दिवसांचा उशीर झाला तर घाबरून घरी बसू नका, जा आणि कारण सांगा, बहुतेकदा एका कागदावर लिहून घेतात. खरी भीती पुढची आहे. जुनं घर सोडून नव्वद दिवस झाले आणि सबळ कारणाशिवाय नवा पत्ता कळवलाच नाही, तर व्हिसाच रद्द होऊ शकतो. खोटा पत्ता देणं त्याहून वाईट, त्यात तुरुंगवासही आहे. 'मित्राचा पत्ता लावून ठेवतो, काय होतंय' हा सल्ला देणारा दादा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं ऐकू नका.

बरोबर काय न्यायचं

घरातल्या प्रत्येकाचं मूळ झाइर्यू कार्ड. फोटो, झेरॉक्स चालत नाही, कारण त्या तक्त्यात नवा पत्ता तिथल्या तिथे उमटवून देतात. तान्ह्या बाळाचंही कार्ड न्यायचं, बाळ नेलं नाही तरी चालेल. माय नंबर कार्ड, म्हणजे आपल्या आधारसारखं तिथलं ओळखपत्र, असेल तर तेही सगळ्यांचं, आणि चार आकडी पिन आठवून. तीनदा चुकला की कार्ड लॉक होतं आणि मग तो सोडवण्याचा आणखी एक अर्ज. पासपोर्ट खिशात असू द्या. दुसऱ्या गावाहून आला असाल तर निघण्याचा दाखला. भाडेकरार सहसा मागत नाहीत, पण पत्ता बिल्डिंगच्या नावासकट आणि खोलीच्या नंबरासकट अचूक लिहायला तो समोर असलेला बरा.

कुटुंब असेल तर एक कागद पुण्यातूनच नेला पाहिजे: लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, मूळ प्रती. कुटुंबप्रमुख परदेशी असेल तर बाकीच्यांचं त्याच्याशी नातं काय, याचा पुरावा मागतात आणि सोबत जपानी भाषांतर. आपले दाखले मराठी-इंग्रजीत असतात, खिडकीवर त्याचा उपयोग नाही. भाषांतर जपानी येणाऱ्या मित्रानं केलं तरी सहसा चालतं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव लिहायचं. नवरा आधी गेला आणि बायको सहा महिन्यांनी गेली, की हा कागद नेमका कोथरूडच्या कपाटात राहिलेला असतो.

घरातलं एक माणूस सगळ्यांच्या वतीनं जाऊ शकतं. घराबाहेरच्या कुणाला, समजा ऑफिसातल्या सहकाऱ्याला, पाठवायचं तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र द्यावं लागतं.

अर्जात वर्षाच्या रकान्यात 'रेइवा' लिहिलेलं दिसेल. तो सम्राटाच्या कारकिर्दीचा शक. आपण शालिवाहन शक काढायला ७८ वजा करतो, तसे सनाच्या शेवटच्या दोन आकड्यांतून १८ वजा करा: २०२६ म्हणजे रेइवा ८. तुमची जन्मतारीख मात्र इंग्रजी सनातच लिहायची.

खिडकीवर

कचेऱ्या सोमवार ते शुक्रवार, साधारण साडेआठ ते पाच-सव्वापाच. काही ठिकाणी एखादा शनिवार-रविवार उघड्या असतात. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सगळं बंद. मार्च अखेर आणि एप्रिलचा पहिला आठवडा शक्यतो टाळा, तिथलं आर्थिक आणि शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि अर्धा देश तेव्हा घर बदलत असतो. मी एकदा एक एप्रिलला नंबराची चिठ्ठी घेऊन तीन तास बसले होते. पुस्तक संपलं, डबा संपला, नंबर आला नाही.

अर्जाला पैसे पडत नाहीत. काम झालं की रहिवासी दाखला, जूमिन्ह्यो, लगेच एक-दोन प्रती मागून घ्या. साधारण ३०० येन पडतात आणि बँक, मोबाइल, ऑफिस, कुणी ना कुणी तो मागतंच.

त्याच मजल्यावर बाकीच्या खिडक्याही उरकून टाका. विद्यार्थी किंवा ज्यांचा आरोग्य विमा कंपनीमार्फत नाही, त्यांनी राष्ट्रीय आरोग्य विमा जुन्या गावात बंद करून नव्या गावात सुरू करायचा. नोकरदारांनी फक्त ऑफिसात कळवायचं. माय नंबर कार्डावरचा पत्ताही याच वेळी बदलून घ्या, येण्याचा अर्ज दिल्यापासून नव्वद दिवसांत तो बदलला नाही तर कार्ड बाद होतं. नोंदवलेला हान्को, म्हणजे सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का, असेल, तर गाव सोडल्यावर त्याची नोंदणी आपोआप संपते, ती नव्यानं करायची.

माय नंबर कार्डवाल्यांसाठी सोय

६ फेब्रुवारी २०२३ पासून निघण्याचा अर्ज माय नंबर कार्ड आणि मोबाइल वापरून 'मायनापोर्टल' या सरकारी वेबसाइटवर घरबसल्या देता येतो. दाखल्याचा कागदही लागत नाही, नव्या कचेरीत कार्ड दाखवलं की झालं. पण जुन्या कचेरीला तो अर्ज तपासायला वेळ लागतो, तेव्हा ट्रक दारात आल्यावर फोन काढू नका. आणि येण्याची नोंद मात्र स्वतः जाऊनच करायची, ती ऑनलाइन होत नाही.

कचेरीबाहेरची कामं

वाहन परवान्यावरचा पत्ता पोलीस ठाण्यात बदलतो. पोस्टात अर्ज दिला की जुन्या पत्त्यावरची पत्रं वर्षभर नव्या पत्त्यावर फुकट येतात. पण बँकेच्या कार्डांसारख्या पाकिटांवर 'पुढे पाठवू नये' असं छापलेलं असतं, ती परत जातात. म्हणून बँकेला वेगळं कळवा, आणि टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा.

नोकरी बदलल्यामुळे घर बदललं असेल तर नोकरी बदलल्याची खबर इमिग्रेशनला चौदा दिवसांत वेगळी द्यायची. पालिकेतली नोंद त्याला पुरत नाही. हे दोन चौदा दिवस एकमेकांत मिसळून टाकणारे मी बरेच पाहिलेत.

रहिवासी कराची एक गंमत आहे. १ जानेवारीला तुम्ही ज्या गावचे, त्या वर्षाचा कर त्या गावचा. फेब्रुवारीत गाव सोडलंत तरी जूनमध्ये जुन्या गावाचंच पाकीट येतं. ते चुकून आलंय असं समजून फेकू नका.

कायमचं पुण्याला परत यायचं ठरलं तरी निघण्याचा अर्ज द्यायचाच, देश सोडत असल्याचा, आणि झाइर्यू कार्ड विमानतळावर परत करायचं. पेन्शनमध्ये भरलेल्या पैशांतले काही एकरकमी परत मागता येतात, ती मागणी तिथला पत्ता संपल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. पत्ता काढलाच नसेल तर तुम्ही कागदावर अजून तिथलेच, आणि तो अर्ज पुढे सरकत नाही.

समोरच्या काकूंच्या मुलाकडे माय नंबर कार्ड नव्हतं, आणि जुनं गाव बुलेट ट्रेननं दोन तासांवर. त्याला पोस्टानं अर्ज करायला लावला: जुन्या कचेरीच्या वेबसाइटवरचा फॉर्म, झाइर्यू कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. सहाव्या दिवशी दाखला आला, बाराव्या दिवशी पत्ता कार्डावर उमटला. त्यानं कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो आईला पाठवला. संध्याकाळी काकू मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. "अगं, यात रस्त्याचं नावच नाही. नुसते आकडे आणि हे चोमे का काय ते."

"चोमे म्हणजे आपल्या पेठेचा एखादा तुकडा समजा, काकू. पुढे घरांचे नंबर. तुमच्या माहेरच्या वाड्याचा पत्ता काय होता?"

"अमुक इतके सदाशिव पेठ," त्या म्हणाल्या, आणि भाजणीच्या डब्यावर चिकटवायला तो पत्ता माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेऊन गेल्या.