टेस्टोस्टेरॉन उपचारात वृषणांची व जननक्षमतेची जपणूक

शरीरात कमी पडणारे टेस्टोस्टेरॉन इंजेक्शन किंवा जेलच्या रूपाने बाहेरून घेणाऱ्या पुरुषाची वृषणे आक्रसू नयेत आणि वीर्यातील शुक्राणू संपू नयेत, यासाठी करावयाची उपाययोजना. पुण्यात हे औषध दोन वाटांनी सुरू होते: हार्मोनतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीने, नाहीतर जिममध्ये ‘कोर्स’ म्हणून. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याचे वीर्य आधी कोणी तपासलेले नसते. पुढे लग्न झाल्यावर मूल होत नाही म्हणून दवाखाना गाठला, की शून्य शुक्राणूंचा रिपोर्ट हातात पडतो.

कारण. पीयूष ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके निघतात. एलएचमुळे वृषणातील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, तर एफएसएच शुक्राणू पोसणाऱ्या सर्टोली पेशींना कामाला लावते. वृषणाच्या आतले टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा साधारण 50 ते 100 पट असते, आणि शुक्राणू तयार व्हायला हे आतलेच लागते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पीयूष ग्रंथीला पुरवठा भरपूर दिसतो. ती एलएच व एफएसएच थांबवते आणि आतली पातळी नव्वद टक्क्यांहून अधिक घसरते. म्हणजे रक्ताच्या रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन 600 (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे नॉर्मल) दिसत असताना वृषण आतून कोरडे पडलेले असू शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ यावर समाधान मानणे ही या उपचारातली सर्वांत महाग चूक. जेल लावल्याने काही होत नाही, हाही गैरसमजच. पीयूष ग्रंथी त्यानेही दबते.

प्रौढ वृषणाचे आकारमान साधारण 15 ते 25 मिलिलिटर असते व त्याचा बहुतांश भाग शुक्राणू बनवणाऱ्या नलिकांचा असतो. नलिका रिकाम्या झाल्या की वृषण लहान व मऊ लागते, क्वचित बोथट दुखते. डॉक्टर हे मण्यांच्या माळेसारख्या ऑर्किडोमीटरने मापतात. तरीही एवढ्यावरून उपचार चालू असताना मूल राहणारच नाही असे धरू नये, काहींच्या वीर्यात थोडे शुक्राणू उरतात. हा भरवशाचा गर्भनिरोधक नव्हे.

सुरू करण्यापूर्वी. सकाळच्या दोन वेगवेगळ्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन कमी आल्याशिवाय निदान पक्के होत नाही. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पीयूष ग्रंथीचेच आणखी एक संप्रेरक) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) पाहावे. एलएच आधीच चढलेले असेल तर दोष वृषणातच आहे, आणि पुढे सांगितलेले एचसीजी तिथे फारसे उपयोगी पडत नाही. वृषणे लहान व कडक असतील तर क्लाइनफेल्टरसाठी (जास्तीच्या एक्स गुणसूत्राचा जन्मजात विकार) गुणसूत्रांची तपासणी करतात. नजीकच्या काळात मूल हवे असेल तर टेस्टोस्टेरॉन सुरूच करू नये. अशा वेळी एलएच कमी किंवा बेताचे असलेल्यांना क्लोमिफीनची गोळी (बहुधा रोज 25 मिलिग्रॅम) किंवा नुसते एचसीजी देऊन शरीराचे स्वतःचे उत्पादन वाढवता येते.

पहिल्या इंजेक्शनआधी वीर्य तपासणी करावी, आणि पुढे मूल हवे असण्याची थोडीही शक्यता असेल तर वीर्य गोठवून ठेवावे. सगळ्या उपायांत हाच सर्वांत खात्रीचा, आणि हाच सर्वाधिक टाळला जातो. नमुन्याआधी 2 ते 7 दिवस संयम पाळावा लागतो, आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा लागतो. हिंजवडीत राहणाऱ्याने घरून नमुना घेऊन ऑफिसच्या वेळेत डेक्कनकडे निघणे म्हणजे तो वाटेतच वाया घालवणे. केंद्रातल्या खोलीतच द्यावा. घरून न्यायचाच असेल तर डिसेंबरच्या गार सकाळी डबी बॅगेत न टाकता शर्टाच्या आतल्या बाजूला अंगालगत धरावी. गोठवलेले वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर राहते. केंद्र 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्याखाली नोंदणीकृत आहे ना, हे पाहावे. त्याच कायद्याने पुरुषाला या सेवा 55 वर्षे वयापर्यंतच मिळतात.

एचसीजी. हे संप्रेरक एलएचची जागा घेते व लायडिग पेशींना जागे ठेवते. आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या निरोगी पुरुषांवरील एका प्रयोगात दिवसाआड 250 युनिट एचसीजीने वृषणातली पातळी जवळपास पूर्ववत राहिली. व्यवहारात 250 ते 500 युनिट दिवसाआड किंवा आठवड्यातून दोन-तीनदा, पोटावर कातडीखाली देतात. वृषणे आक्रसल्यावर सुरू करण्यापेक्षा टेस्टोस्टेरॉनसोबतच सुरू केलेले बरे.

औषध कोरड्या पुडीच्या रूपात, 2000, 5000 व 10000 युनिटच्या बाटलीत मिळते. सोबतचे साधे सलाइन वापरले तर बाटली लगेच संपवावी लागते. अनेक मात्रांसाठी बेंझाइल अल्कोहोलयुक्त पाणी लागते. 2000 युनिटच्या बाटलीत 2 मिलिलिटर घातले की मिलिलिटरला 1000 युनिट होतात. पाणी काचेच्या कडेने सोडावे, बाटली हलकेच फिरवावी, खळखळवू नये. 250 युनिटच्या मात्रेने ही बाटली दिवसाआड 16 दिवस पुरते. 5000 ची बाटली त्याच हिशेबाने 40 दिवस चालेल, पण मिसळलेले औषध महिन्यापलीकडे ठेवू नये.

मोजताना हमखास घोटाळा होतो तो सिरिंजचा. आपल्याकडे लाल टोपणाची यू-40 आणि केशरी टोपणाची यू-100 अशा दोन्ही इन्सुलिन सिरिंज मिळतात. पाव मिलिलिटर म्हणजे यू-100 वर 25 रेघा, यू-40 वर फक्त 10. यू-40 मध्ये 25 पर्यंत भरले तर 250 ऐवजी 625 युनिट जातात. सिरिंजवरच्या ‘युनिट’चा एचसीजीच्या युनिटशी काहीही संबंध नाही.

मिसळलेले औषध 2 ते 8 अंशांत ठेवावे, गोठू देऊ नये. एप्रिल-मेमध्ये दुकानातून आणताना स्कूटरच्या डिकीत टाकू नये, बर्फाच्या पिशवीतून आणावे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बराच वेळ गेली तर फ्रिज उघडू नये. एचसीजीची मात्रा वाढली की एस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेन गटातले संप्रेरक) चढते, स्तनाग्रे दुखू लागतात, मुरुमे येतात. पहिला उपाय मात्रा कमी करणे, एस्ट्रॅडिओल उतरवणारी गोळी जोडणे नव्हे. तालमीतल्या किंवा स्पर्धेतल्या खेळाडूने हे ध्यानात ठेवावे की पुरुषांसाठी एचसीजीही उत्तेजकविरोधी यादीत निषिद्ध आहे.

देखरेख. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस व बाहेर पडायला आणखी दोनेक आठवडे लागतात, म्हणून वीर्य तपासणी दर तीन महिन्यांनी पुरे. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांवर गेले तर टेस्टोस्टेरॉन थांबवावे किंवा कमी करावे.

बंद केल्यावर. बहुतेकांचे शुक्राणू 6 ते 12 महिन्यांत परततात, काहींना दोन वर्षे लागतात. वय जास्त व वापर दीर्घ, तितका उशीर. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकाराचे 1000 मिलिग्रॅमचे इंजेक्शन 10 ते 14 आठवडे काम करत राहते, त्यामुळे दिवस शेवटच्या सुईपासून मोजले तर विनाकारण घाबरायला होते. परतणे लवकर हवे असल्यास 1500 ते 3000 युनिट एचसीजी आठवड्यातून तीनदा देतात, आणि काही महिन्यांत शुक्राणू दिसले नाहीत तर एफएसएचची इंजेक्शने जोडतात. तरीही शून्यच राहिले, तर सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून थेट शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया उरते.