पत्रा कुठल्या काळातला? क्लासिक गाड्यांच्या बॉडीकामाची पार्श्वभूमी

क्लासिक गाडीचा रंग खरवडायला घेतला की खालून काय निघेल याचा भरवसा नसतो. एका मडगार्डवर शिसं भरलेलं असतं, दाराच्या खालच्या कडेला बोटभर जाड पुट्टी असते, सिलवर, म्हणजे दाराखालच्या लांब पट्टीवर, जुना सडलेला पत्रा तसाच ठेवून वरून रिव्हेट मारलेला दुसरा पत्रा असतो. ही कामं वेगवेगळ्या हातांची आणि वेगवेगळ्या काळातली. प्रत्येक कारागिराने आपल्या वेळी जी पद्धत रूढ होती ती वापरली. म्हणून कटर चालवण्याआधी गाडी मुळात कशी बनली आणि पुढे तिच्यावर कुठल्या काळात काय काम झालं, हे वाचता आलं पाहिजे. ते वाचलं नाही तर चांगल्या कारागिराची मेहनतही फुकट जाते, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीच्या काळात बहुतेक मोटार कंपन्या चेसिस, इंजिन आणि चाकं एवढंच बनवत. बॉडी घडवायचं काम कोचबिल्डरकडे जाई. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या घोडागाड्या बनवत आलेले, त्यामुळे त्यांनी मोटारीलाही तीच पद्धत लावली. आधी ॲश लाकडाचा सांगाडा उभा करायचा, मग त्यावर पोलाद किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून कडा दुमडायच्या आणि बारीक खिळ्यांनी ठोकायच्या. पत्र्याला गोलाई देण्यासाठी वाळूची पिशवी, लाकडी मोगरी आणि इंग्लिश व्हील एवढी सामग्री पुरत असे. इंग्लिश व्हीलमध्ये वरचं चाक सपाट आणि खालचं थोडं फुगीर असतं. त्यांच्या दाबातून पत्रा पुढे-मागे सरकवला की प्रत्येक फेरीत तो किंचित पातळ होतो, पसरतो आणि वळत जातो. याच्या उलट काम कडेला करावं लागतं. तिथे पत्र्याला चुण्या पाडून त्या ठोकून आत जिरवतात, म्हणजे कड आवळली जाते. एका जागी ताणायचं आणि दुसऱ्या जागी आवळायचं, या दोन क्रियांत पत्र्याचं सगळं घडणकाम येतं. पोचा काढणारा डेंटरही हातोडा आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन हेच करतो, फक्त त्याच्यासमोर आकार आधीच ठरलेला असतो.

लाकडी सांगाड्याच्या गाडीत वरचा पत्रा ठणठणीत आणि आतलं लाकूड भुसा झालेलं, असं नेहमी दिसतं. दार खाली झुकतं, बिजागरी बदलून पाहतात, तरी झुकतंच. दोष असतो ती बिजागरी ज्या खांबात बसवली आहे त्या खांबाचा. अशा गाडीत बॉडीकाम म्हणजे आधी सुतारकाम, आणि ते टाळून पत्र्याला हात लावण्यात काही अर्थ नाही. लाकूड करकरू नये म्हणून शार्ल वेमन यांनी १९२० च्या दशकात एक वेगळी रचना आणली. त्यांनी सांध्यांत धातूच्या पट्ट्या घालून लाकडाला लाकूड टेकू दिलं नाही आणि वरून पत्र्याऐवजी कापड ताणलं. मिलानच्या टूरिंग या कोचबिल्डरने ही पद्धत परवान्यावर वापरली आणि त्या अनुभवातून १९३६ च्या सुमारास सुपरलेजेरा रचना पुढे आणली. तिच्यात पोलादाच्या बारीक नळ्यांची जाळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची पातळ कातडी असते. वजनाच्या दृष्टीने ती अप्रतिमच. पण पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओल शिरली की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडू लागतं. म्हणून आज या गाड्या दुरुस्त करताना दोन्ही धातूंच्या मध्ये काहीतरी अलग करणारा थर घालावाच लागतो.

दरम्यान अमेरिकेत अगदी वेगळी वाट धरली गेली होती. फिलाडेल्फियात एडवर्ड बड यांनी १९१२ मध्ये कंपनी काढली आणि अख्खी बॉडी पोलादाची, प्रेसमध्ये दाबून आणि वेल्ड करून बनवायचा ध्यास घेतला. १९१४ च्या अखेरीस आलेल्या डॉजच्या गाडीला ही बॉडी होती. लाकूड नसल्यामुळे ती भट्टीत घालता येई, त्यामुळे इनॅमल भाजून पक्का करता आला आणि रंग वाळण्याची लांबलचक वाट पाहणं संपलं. युरोपात सित्रोएनने हे तंत्र घेतलं आणि १९२४ मध्ये पोलादी बॉडीची गाडी आणली. छपरांची अडचण मात्र बराच काळ राहिली. एवढी रुंद गोलाई एका तुकड्यात दाबून काढण्याजोगा रुंद पत्रा सहज मिळत नव्हता, म्हणून बंद गाड्यांच्या छपराचा मधला भाग लाकडी पट्ट्या आणि मेणकापडासारखं आच्छादन घालून झाकत. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांत एका अखंड पत्र्याचं छप्पर ‘टरेट टॉप’ नावाने आणलं ते त्यामुळेच बातमीचा विषय झालं. तीसच्या दशकातल्या गाडीचं छप्पर उघडताना आत लाकूड आणि कापड सापडलं तर ती नंतरची डागडुजी समजून फेकून देऊ नये. बहुधा ते मूळचंच असतं.

प्रेसचे साचे प्रचंड महाग, त्यामुळे ते हजारो नगांवरच परवडत. जॅग्वार एक्सके १२० चं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९४८ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा मोजक्याच गाड्या विकल्या जातील असा अंदाज होता, म्हणून पहिल्या सुमारे २४० गाड्यांना ॲश लाकडावर हाताने घडवलेली ॲल्युमिनियमची बॉडी दिली गेली. मागणी अनावर झाली आणि १९५० पासून तीच गाडी प्रेस केलेल्या पोलादी बॉडीत येऊ लागली. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण तेवढं ॲल्युमिनियमचंच राहिलं. बाहेरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या या दोन गाड्यांपैकी एकीला सुतार लागतो आणि दुसरीला वेल्डर.

हाताचं काम कारखान्यातून असं हटत गेलं, तरी पुरतं गेलं नाही. दोन पॅनेल जुळतात तिथली खाच कारखान्यातही शिसं भरूनच सपाट करत. या कामाला शिसं आणि कथील यांचा मिश्रधातू लागतो. सत्तर भाग शिसं आणि तीस भाग कथील घेतलं तर तो १८३ अंश सेल्सियसला मऊ पडू लागतो, पण पूर्ण वितळतो तो अडीचशेच्या पुढे. मधल्या टप्प्यात तो लोण्यासारखा असतो आणि चरबी लावलेल्या लाकडी थापीने उभ्या पत्र्यावरही पसरवता येतो. आधी पत्रा चकचकीत करून त्यावर कथलाचा थर धरवावा लागतो, नाहीतर शिसं चिकटत नाही. कथील धरवताना पत्रा साफ करायला लावलेल्या फ्लक्सचं आम्ल धुऊन काढलं नाही तर काही महिन्यांनी रंगाला फोड येतात. शेवटचं सपाटीकरण कानशीनेच करावं. ग्राइंडर लावला की शिशाची धूळ हवेत उडते आणि ती माणसाच्या अंगात साठत जाते, याबाबत कुठलीही सवलत घेऊ नये.

या सगळ्याला वेल्डिंगची जोड मिळाली. फ्रान्समध्ये एदमाँ फूशे आणि शार्ल पिकार यांनी १९०३ च्या सुमारास ऑक्सि-ॲसिटिलीनचा टॉर्च तयार केला. तीन हजार अंशांवर जाणाऱ्या या ज्योतीने पातळ पत्राही जोडता येऊ लागला. गॅसच्या जोडाचा मोठा गुण म्हणजे तो मऊ राहतो. वेल्ड थंड होताना आकसतो, आजूबाजूचा पत्रा ओढतो आणि पॅनेल वाकडं होतं. मऊ जोड हातोडा-डॉलीवर ठोकून पुन्हा ताणता येतो, त्यामुळे तो वाकडेपणा निघतो. जुने कारागीर जोड असा ठोकून कानसत की मागच्या बाजूनेही तो शोधावा लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात हेच हातोडा, टॉर्च आणि शिसं घेऊन तरुणांनी कारखान्यातून आलेल्या गाड्यांचे आकार बदलायला सुरुवात केली. सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या गॅरेजचं नाव यात सर्वांत गाजलं. त्यांनी १९५२ मध्ये १९५१ च्या मर्क्युरीवर केलेली ‘हिरोहाता मर्क’ ही गाडी कस्टम बॉडीकामाचा मानदंड मानली जाते. छप्पर खाली आणणं म्हणजे खांब कापून पुन्हा जोडणं, एवढंच नसतं. पुढचे आणि मागचे खांब तिरके असतात, त्यामुळे छप्पर खाली आलं की त्यांची टोकं छपराशी जुळत नाहीत. मग छप्पर कापून लांब करावं लागतं किंवा खांबांचा कल बदलावा लागतो, आणि काचाही नव्याने कापाव्या लागतात. दारांच्या मुठी काढून भोकं बुजवणं, हेडलाइट आत बसवून कडा एकसंध करणं, हे सगळं शिशाने होई. अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, हे नाव पडलं ते त्यामुळे. कस्टम आणि जीर्णोद्धार हे दोन वेगळे पंथ मानले जातात, पण हातातली विद्या एकच आहे. कारखान्यांनी सोडून दिलेली कोचबिल्डरची कला जिवंत राहिली ती अशा गॅरेजांत आणि अपघाताच्या गाड्या सरळ करणाऱ्या दुकानांत.

पन्नाशीच्या दशकात पॉलिएस्टरची पुट्टी आली आणि चित्र झपाट्याने बदललं. हार्डनर मिसळायचा, थापायचं, थोड्या वेळात घासायचं. पुट्टीला नावं ठेवायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. सरळ केलेल्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरचा थर वर्षानुवर्षं टिकतो. बिघडतं ते भोकावर आणि गंजावर थापल्यामुळे. तिच्यातली शंखजिऱ्याची भुकटी मागून ओल शोषते आणि गंज आतल्या आत चालू राहतो.

त्याच सुमारास गंजाचं स्वरूपच गंभीर झालं, कारण गाडीची रचना बदलली होती. लान्सिया लाम्ब्डा (१९२२) आणि सित्रोएन ट्रॅक्शन आव्हाँ (१९३४) यांनी वेगळी चेसिस काढून टाकली आणि भार बॉडीवरच दिला. युद्धानंतर युरोपात बहुतेक गाड्यांची हीच रीत झाली. रोल्स-रॉइसने १९६५ मध्ये सिल्व्हर शॅडो अशा रचनेत आणली तेव्हा कोचबिल्डरांना बॉडी चढवायला मोकळी चेसिस मिळण्याचे दिवस जवळपास संपले. या गाड्यांत सिल ही शोभेची पट्टी नसते. दोन-तीन पत्र्यांची ती बंद पेटी गाडीचा कणा असते. तिच्या आत रंग पोचत नसे, ओल मात्र पोचत असे, आणि थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकायचं प्रमाण वाढत गेलं. रंगाच्या विद्युत्-स्नानाची पद्धत (बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या मदतीने थर बसवणं) १९६० च्या दशकात पसरली आणि पोर्शने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची केली. त्याआधीच्या गाड्यांना हे संरक्षण नव्हतं. म्हणून सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे आधार वेल्ड करायचे आणि गाडी समपातळीत टेकवायची. हे चुकलं तर गाडी मध्ये झुकते आणि नव्या सिलसकट ती झुकलेल्या आकारातच कायमची पक्की होते.

आजच्या गॅरेजमधली यंत्रंही युद्धकाळाच्या आसपासची आहेत. टिग वेल्डिंग, म्हणजे टंगस्टनच्या टोकावरच्या विजेच्या ज्योतीने जोडणं, १९४१ मध्ये अमेरिकेतल्या विमान कारखान्यात मॅग्नेशियम जोडण्यासाठी विकसित झालं आणि जोडाची तार आपोआप पुरवणारं मिग त्या दशकाच्या शेवटी आलं. मिग शिकायला सोपं आणि उष्णता थोड्या जागेत ठेवणारं, पण त्याचा जोड कडक होतो आणि ठोकताना तडकू शकतो. सिलच्या कडांना ते उत्तम. मडगार्डच्या मधोमध, जिथे जोड ठोकून सपाट करायचा आहे, तिथे टिग किंवा जुना गॅस टॉर्चच बरा.

१९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची संपूर्ण नवी बॉडी मूळ साच्यांतून काढून विकायला आणली, तेव्हा सडलेली बॉडी दुरुस्त न करता सगळीच बदलण्याचा मार्ग खुला झाला. त्यातून एक खरा प्रश्न उभा राहिला: सगळा पत्रा नवा असेल तर गाडी जुनी कशाच्या आधारावर म्हणायची? ऐतिहासिक वाहनांच्या फिव्हा या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरीन सनद इथे मदतीला येते. मूळ भाग जमेल तितके जपावेत, केलेल्या कामाची नोंद ठेवावी आणि बदललेल्या भागांवर सहज नजरेत न भरणारी पण कायम टिकणारी तारखेची खूण असावी, असं ती सुचवते. सिलच्या आतल्या बाजूला, वेल्ड बंद करण्याआधी, एक छोटा तारखेचा ठसा मारायला मिनिटभरही लागत नाही. पुढे कधी ती गाडी उघडणाऱ्या माणसाला पत्रा कुठल्या काळातला याचा अंदाज बांधत बसावं लागणार नाही.