मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारातील रुग्णांची घरी होणारी पाहणी व शुश्रूषा : कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक

आमच्या गृह-परिचर्या सेवेत सर्वाधिक नोंदणी पक्षाघाताच्या रुग्णांची होते. जालना, बीड, परभणीकडची मंडळी फोनवर “बाबांच्या अंगावरून वारं गेलंय” एवढेच सांगतात आणि त्यावरून आम्हाला पुढची तयारी करता येते. त्याखालोखाल डोक्याला मार लागलेले, पाठीच्या मणक्याची दुखापत झालेले, फिट येणारे आणि कंपवाताचे रुग्ण असतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयातून, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून अथवा खासगी रुग्णालयातून सुटी झाली, की आजवर चोवीस तास डॉक्टर व परिचारिकांच्या नजरेखाली असलेला रुग्ण एकदम घरच्या खाटेवर येतो. तेथून पुढे त्याच्यावर लक्ष कोणी आणि कसे ठेवायचे, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

अनेक घरांतून आमच्याकडे एक तक्रार येते. रुग्णाचा नुकताच डोळा लागलेला असतो आणि सिस्टर त्याला उठवतात, नाव-गाव विचारतात, डोळ्यांत बॅटरी मारतात, प्रसंगी खांद्याला चिमटा घेतात. “रोज तेच तेच काय इचारता?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की मेंदूच्या आजारात एका दिवसाच्या पाहणीतून फार थोडे कळते. कालच्या पाहणीशी आजची ताडून पाहिली म्हणजे खरी गोष्ट समोर येते. म्हणून प्रश्न तेच, क्रम तोच आणि नोंदवहीही तीच ठेवली जाते.

शुद्धीची पाहणी

रुग्णाच्या शुद्धीची पातळी अंकांत मांडण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, ती स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या न्यूरोसर्जन्सनी १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ गुण मिळतात. पूर्ण शुद्धीवरच्या माणसाची बेरीज १५ भरते आणि कमीत कमी बेरीज ३ असते, शून्य कधीच नसते. बेरीज ८ किंवा त्याहून कमी असलेला रुग्ण गंभीर समजला जातो. मात्र नोंदवहीत आम्ही नुसती बेरीज लिहीत नाही, तिन्ही आकडे वेगवेगळे लिहितो. कारण पक्षाघाताने वाचा गेलेला रुग्ण टक्क जागा असूनही बोलण्यात गुण गमावतो, आणि गळ्यात श्वासनळीची ट्यूब असलेल्याचे बोलणे तपासताच येत नाही. असा १२ गुणांचा रुग्ण आणि गुंगीत असलेला १२ गुणांचा रुग्ण यांची अवस्था सारखी नसते.

प्रश्न विचारताना माणूस पाहावा लागतो. ज्या आजींनी आयुष्यात कधी सन सांगितला नाही त्यांना “हे कोणते वर्ष” असे विचारून काही हाती लागत नाही. त्यांना गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, शेतात सध्या काय उभे आहे, कापूस वेचून झाला का, धाकट्या नातवाचे नाव काय, असे विचारतो. घरात दखनी किंवा बंजारा बोली चालत असेल तर प्रश्न त्याच बोलीत विचारले जावेत, यासाठी घरातील एकाने जवळ थांबावे. पहिल्या भेटीत आम्ही आपल्याला बारकाईने विचारतो, की आजारापूर्वी त्यांना किती आठवत होते, ऐकू कसे येत होते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याची बाहुली वेड्यावाकड्या आकाराची असू शकते. ते आधी ठाऊक नसेल तर बॅटरीच्या उजेडात नसते भय उभे राहते.

बॅटरी मारून आम्ही दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का आणि उजेड पडताच आकसतात का, हे पाहतो. गुंगीत जात असलेल्या रुग्णाची एक बाहुली मोठी होऊन उजेडाला दाद देईनाशी झाली, तर कवटीच्या आत दाब वाढल्याचा तो इशारा असू शकतो. वाढती डोकेदुखी, उलट्या आणि वाढती झोप ही त्याच्या आधीची चिन्हे होत. रक्तदाब चढत जाऊन नाडी मंदावणे आणि श्वास अनियमित होणे ही फार उशिराची. चिमटा फक्त हाकेला आणि हलवण्याला प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णालाच घेतला जातो. त्या वेळी तो हात वेदनेच्या जागी नेतो, नुसता मागे ओढतो की काहीच करत नाही, याला महत्त्व असते. जागा असलेल्या रुग्णाला डोळे मिटून दोन्ही हात समोर पसरून धरायला सांगतो. हळूच खाली घसरणारा हात नव्या अशक्तपणाची बातमी सर्वांत आधी देतो.

एका घरातील अनुभव येथे सांगणे आवश्यक वाटते. साठी उलटलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या एक बाई न्हाणीघरात घसरल्या. टेंगूळसुद्धा आले नाही, म्हणून घरचे ती गोष्ट विसरले. तीन आठवड्यांनी सिस्टरांनी नोंदवहीत लिहिले, “काल पाचही नातवंडांची नावे सांगितली, आज दोन सांगून थांबल्या, उजवा हात किंचित घसरतो.” घरच्यांना त्यात वयाखेरीज काही दिसत नव्हते. त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला, मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू साचलेले रक्त सापडले आणि शस्त्रक्रियेने ते काढता आले. म्हातारपणी, आणि विशेषतः अशा गोळ्या चालू असताना, असे रक्त साचल्याची लक्षणे पडल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू लागतात. त्यामुळे रुग्ण पडला, तर मार किरकोळ वाटला तरी आम्हाला अवश्य सांगावे.

गिळणे : जेथे घरच्या मायेनेच इजा होऊ शकते

या पत्रकातील हा भाग कृपया घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवावा. पक्षाघातात घशाचे स्नायू दुबळे होतात आणि घास किंवा पाणी श्वासनळीत उतरून फुफ्फुसात जंतुसंसर्ग होतो. काही रुग्णांना तर पाणी फुफ्फुसाकडे गेले तरी ठसकासुद्धा लागत नाही. म्हणून रुग्णालयातून आल्यावर गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय चमचाभर पाणीही देऊ नये. आमच्या सुरुवातीच्या काळात आमच्याच एका परिचारकाने रुग्ण मागतो आहे म्हणून आडवे असतानाच त्याला चहा पाजला आणि त्या रुग्णाला न्यूमोनियासाठी पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून गिळण्याची तपासणी शिकलेल्या व्यक्तीलाच आम्ही अशा घरी पाठवतो.

लोकांना नवल वाटते, पण दुबळ्या घशाला घट्ट पदार्थापेक्षा पातळ पाणी सांभाळणे अवघड जाते. आपल्याकडे आजारी माणसाला हमखास दूध-भाकरी कुस्करून देतात, नाहीतर चहात बुडवलेला टोस्ट देतात. या दोन्हींत पातळ द्रव आणि मऊ गोळा एकत्र येतात, द्रव आधी घसरतो आणि गोळा मागे राहतो, त्यामुळे ते विशेष धोक्याचे ठरतात. त्याऐवजी भाकरी वरणात मिक्सरमधून एकजीव आणि घट्टसर करावी. ज्वारीची पेजही चमचा उलटा केला तर ओघळणार नाही इतपत दाट ठेवावी. नेमकी दाटी रुग्णागणिक वेगळी असते आणि ती तपासणीनंतरच सांगितली जाते. जेवताना रुग्ण ताठ बसलेला, हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली आणि घास तोंडाच्या चांगल्या बाजूला असावा. खाणे संपल्यावर दुबळ्या बाजूच्या गालात अन्न अडकले नाही ना, हे पाहून तोंड पुसावे आणि किमान अर्धा तास आडवे करू नये. जेवताना आवाज ओलसर, घरघरता झाला तर ठसक्याची वाट न पाहता तेथेच थांबावे.

नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी (राइल्स ट्यूब) असलेल्या रुग्णाचे डोके व छाती ३० ते ४५ अंश उंच ठेवूनच अन्न द्यायचे असते. नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण सरकलेली दिसली तर त्या वेळचे अन्न थांबवून सिस्टरांना कळवावे. नळीचे टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही. ती कोणी सुचवली तरी करू नये. वाऱ्याने लुळी पडलेली बाजू परत यावी म्हणून नाकात तेल किंवा पाल्याचा रस घालण्याचा आग्रह नातेवाइकांकडून होतो. त्यामागची कळकळ आम्ही जाणतो, परंतु हा द्रव थेट फुफ्फुसात जाऊ शकतो.

कातडी, खांदा, लघवीची पिशवी

एकाच स्थितीत पडून राहिल्याने माकडहाड, टाच, खुब्याचे हाड आणि डोक्याची मागची बाजू येथे जखमा होतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे आणि रोज उजेडात कातडी पाहणे हाच त्यावरचा उपाय आहे. लालसर डाग बोटाने दाबल्यावर पांढुरका होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली, असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे हाताला लागणारी ऊब किंवा कडकपणा पाहावा. अशी जागा चोळू नये आणि तिच्याखाली कापडाची चुंबळ ठेवू नये. एअर मॅट्रेस उपयोगी आहे, पण तिच्यामुळे कूस बदलणे टळत नाही. शिवाय आपल्याकडे वीज गेली की पंप बंद पडतो, गादी हळूहळू बसते आणि रुग्ण कडक फळीवर येतो. गादी घेतली असेल तर तिचा पंप इन्व्हर्टरला जोडून घ्यावा.

लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू नये, कारण सैल पडलेला खांदा सांध्यातून सरकतो आणि नंतर महिनोन्महिने दुखत राहतो. संवेदना गेलेल्या बाजूला शेकायची पिशवी लावू नये; भाजले तरी रुग्णाला कळत नाही.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, मात्र जमिनीला टेकू नये. छातीच्या मध्यापासून वर, म्हणजे सहाव्या वक्षीय मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर, मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तर साधी पिळली गेलेली नळीसुद्धा प्राणावर बेतू शकते. मूत्राशय तुंबले की रक्तदाब एकदम चढतो, डोके फुटल्यासारखे दुखते, चेहरा लाल होऊन घाम सुटतो. अशा वेळी त्याला ताबडतोब उठवून बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे सैल करून नळी कोठे मुडपली आहे का हे पाहावे आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे. अशाच रुग्णांना दुखापतीच्या खालच्या भागात घाम येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत त्यांचे अंग तापत जाते, म्हणून त्यांची खाट घरातील सर्वांत थंड जागी हवी. तहान सांगू न शकणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत दिवसाची लघवी किती आणि कोणत्या रंगाची, याची नोंद उन्हाळ्यात आम्ही आवर्जून मागतो.

फिट आणि पुन्हा येणारा पक्षाघाताचा झटका

फिट आली तर घड्याळ पाहावे, रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा, चप्पल हुंगवल्याने काही होत नाही. फिट ५ मिनिटांहून अधिक चालली, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी एक जरी नव्याने दिसले तरी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रुग्ण पहाटे तसा आढळला, तर वेळ जाग आल्यापासून मोजत नाहीत, शेवटचा ठणठणीत कधी पाहिला तेव्हापासून मोजतात. ती वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत न्यावी. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय सांगता येत नाही. मधुमेह असलेल्याची साखर आधी तपासावी. ती खूप उतरली तरी हुबेहूब झटक्यासारखीच लक्षणे दिसतात.

बोलणे आणि मन

उजवी बाजू गेलेल्या पुष्कळ रुग्णांची वाचाही जाते, कारण बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे केंद्र डावीकडे असते. शब्द सापडत नाहीत म्हणजे समज गेली, असे नाही. त्यांच्या उशाशी बसून शेताच्या वाटणीची किंवा खर्चाची चर्चा करू नये, ते ऐकत असतात. होय-नाही असे उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराला भरपूर वेळ द्यावा. डावी बाजू गेलेले काही रुग्ण डावीकडचे जगच विसरतात, ताटाचा डावा अर्धा भाग तसाच ठेवून उठतात. त्यांना ताट फिरवून द्यावे. कारण नसताना रडू किंवा हसू फुटणे हे पुष्कळदा मेंदूच्या इजेमुळे होते, तर सततची उदासी हा वेगळा आजार असून त्यावर औषध असते. ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

कंपवाताच्या रुग्णांबाबत एकच आग्रह आहे. लेव्होडोपाची गोळी घड्याळाच्या काट्यावर द्यावी आणि दूध, डाळ, अंडी अशा प्रथिनयुक्त आहारासोबत देऊ नये, कारण त्यामुळे तिचा परिणाम घटतो. खाटेवरून उठताना त्यांचा रक्तदाब उतरतो, म्हणून आधी काही मिनिटे खाटेच्या काठावर बसवून मग उभे करावे.

पहिल्या भेटीपूर्वी

डिस्चार्ज कार्ड, स्कॅनच्या फिल्म, चालू गोळ्यांची मूळ पाकिटे आणि आजारापूर्वीचा मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ तयार ठेवावा. रुग्ण पूर्वी कसा बोलत व चालत होता, हे त्या व्हिडिओतून आम्हाला जितके कळते तितके कागदांतून कळत नाही. आमच्या सिस्टर औषधाची मात्रा स्वतःहून बदलत नाहीत आणि रुग्णालयात नेण्यासारखी अवस्था असेल तर घरी थांबवून ठेवण्याची जबाबदारी घेत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो. नोंदवही रुग्णाच्या खाटेला अडकवलेली राहील. ती आपली आहे. रात्री सिस्टर नसताना जे दिसेल ते आपल्या शब्दांत, वेळेसह, तिच्यात लिहावे.